पडद्यावरचा बांध

कन्हेरीत काय बी बिघडलं की लोक म्हणत्यात, "तिथं गोकुळ बसला हुता काय?" दुधाला विरजण लागलं न्हाय, गोकुळ. एसटी हुकली, गोकुळ. परवा एकाची म्हैस सुटून दुसऱ्याच्या दावणीची वैरण खाऊन आली, तर त्यातबी गोकुळच! आता हा गोकुळ म्हंजे माझा सख्खा धाकटा दीर. मला राग येणारच की. पण भांडू कुणाशी? आमच्या पाइपलाइनच्या संस्थेनं तसा ठरावच केलाय. सदर इसम कामात धांदरट हाय. एकमतानं, सही-शिक्क्यासकट. गावात धांदरट पोत्यानं हायत, पण ठराव झालेला तेवढा एकटाच.

ठराव खोटा हाय असं मी म्हणायची न्हाय. तो कसा झाला तेवढं सांगते.

पाइपलाइन जिथं संपती तिथं आमचं रान. त्याला समदे टेल म्हणत्यात. नियम असा हाय की पाणी टेलकडनं सुरू करायचं आणि मग वर वर जायचं. नियम करणारी माणसं बिचारी लय भोळी असावीत. कारण वरच्या तोंडाला हिंदुरावआबांचा ऊस, आणि आबा संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या बांधाला लागून सर्जेरावतात्यांचा ऊस. ह्या दोघांच्या उसाचं पोट भरल्याबिगर पाणी खाली उतरायचं न्हाय, आणि उसाचं पोट भरलेलं आजवर कुणी बघितलंय?

माझी काकडी. काकडीला पाण्याचा ताण बसला की ती कडू हुती, मग तिला देवाच्या पाया पडून उपेग न्हाय. मागल्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी हुकली आणि सगळा माल कडू निघाला. बारामतीच्या मंडईत एका बाईनं काकडीची फोड तोंडात घातली आणि माझ्या पाटीपुढंच थुंकली. म्हणली, "असलं इकायला लाज न्हाय वाटत?" लाज वाटली की. लय वाटली. घरी आल्यावर आमचे हे म्हणले, "अनिता, औंदा एकदा लाव. पुन्हा कडू निघाली तर काकडी बंद, ऊस लावू." त्यांचं काय, ते ट्रॅक्टरवर दिवसभर बाहेर. ऊस लावला की रानात मला काम न्हाय, मंडईत माझी पाटी न्हाय, चार बायकांत माझं नाव न्हाय. भवानीनगरचं माझं माहेर, कारखान्याच्या भोंग्यावर मी ल्हानाची मोठी झाले. उसाचं कौतुक मला सांगू नका. ती काकडी माझी हाय.

आणि तिच्या पाण्याची किल्ली आली कुणाच्या हातात? गोकुळभावजींच्या.

भावजी आधी पुण्यात एका कंपनीत हुते. काय करता इचारलं की म्हणायचे, "सर्व्हर बघतो." नुसतं बघायचा पगार देत्यात म्हणल्यावर गावात लय मान हुता त्यांना. मग कंपनीनं माणसं कमी केली आणि भावजी बायकोला, निकिताला, आणि लॅपटॉपला घेऊन घरी आले. पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन गेले तर समोर काळाकुट्ट पडदा आणि त्यावर मुंग्यांगत अक्षरं.

"भावजी, बिघडला वाटतं हो!"

"न्हाय वैनी, हे टर्मिनल. हितं चित्राला टिचक्या मारत बसायचं न्हाय. हुकूम लिहायचा, मशीन ऐकतं."

मी म्हणलं, ह्या घरात ऐकणारं काय तरी आलं, बरं झालं.

पण त्या काळ्या फळकुटाचा थाट बघावा! आधी रंग. अक्षराचा रंग निराळा, चुकीचा निराळा, भावजी आठवडाभर रंगच निवडत हुते. निकिता म्हणली, "माझ्या शालूला ह्यांनी एवढा येळ दिला न्हाय." मग अक्षराचं वळण. एक आडवी रेघ आणि पुढं काना मोडल्यागत खूण लिहिली की दोन्ही जुळून सुरेख बाण व्हायचा. तो बाण भावजींनी मला चारदा करून दाखवला. मग पडदा अर्धा पारदर्शक केला, म्हंजे मागचं चित्र अक्षरांच्या आडनं दिसतंय. मागं काय लिहिलं हुतं ते वर सरकवून बघायची सोय, त्यातलं हवं ते हुडकायची सोय. आणि म्हणे हे सगळं ग्राफिक कार्डावर चालतंय म्हणून अक्षरं पळत्यात.

"पळून जात्यात कुठं?" मी इचारलं. भावजींनी पुन्हा बाण करून दाखवला.

माणूस मात्र लाखात एक. एकच खोट, कुणाला तोंडावर न्हाय म्हणता येत न्हाय. लग्नात वाढप्यानं पुढं धरलं म्हणून नको असताना सहा जिलब्या खाल्ल्या आणि दोन दिवस निजून हुते. मशीन त्यांचा हुकूम ऐकायचं, आणि ते उरलेल्या अख्ख्या गावाचा.

अशात संस्थेनं प्रत्येकाच्या रानात पाण्याला विजेचे वॉल, म्हंजे विजेवर उघडझाप हुणारे नळ बसवले. हापिसात बसून उघडायचे, हापिसात बसून बंद करायचे. उंटावरनं शेळ्या हाकायचं काम, त्याला भावजींइतका लायक माणूस कोण? आबांनी खांद्यावर हात ठेवला. "गोकुळ, दोन हंगाम हे नीट सांभाळ. मग तुला कारखान्यावर कॉम्प्युटरला चिकटवतो. कायमचा." निकितानं त्याच दिवशी पेढे वाटले.

भावजींनी हापिसात मोठा पडदा लावला आणि त्याचे तुकडे पाडले. उभी रेघ, आडवी रेघ, आणि प्रत्येक तुकड्यात एकेकाचा वॉल. उघडा हाय का बंद, दाब किती, समदं त्यात लिहून येतंय. मला म्हणाले, "ह्याला पेन म्हणत्यात." मी म्हणलं, "कशाला पेन? हे तर वाफं पाडल्यात की!" तवापासनं गावात वाफंच म्हणत्यात. आणि दोन वाफ्यांत जी रेघ असती तिला काय म्हणायचं हे कुणाला शिकवायला लागलं न्हाय.

दुसऱ्याच दिवशी सर्जेरावतात्या हापिसात. काठी टेकून पडद्याकडं बघत उभे राहिले, मग म्हणाले, "गोकुळ, माझा वाफा आबाच्या वाफ्यापेक्षा बारीक का?"

"तात्या, ती रेघ माऊसनं सरकती. चुकून सरकली आसंल."

"बांध चुकून सरकत न्हाय, बाळा. आजवर न्हाय सरकला."

भावजींनी रेघ बोटभर सरकवली. तेवढ्यात आबा आले. "कुणाला इचारून बांध कोरला?" झालं! तात्यांनी सुतळी आणली. पडद्याला सुतळी लावून मोजणी झाली, पंच म्हणून शिपाई उभा. पाणी त्याच पायपातनं तेवढंच येणार, वाफा वीतभर असो का हातभर, हे भावजींनी तीनदा सांगितलं. कोण ऐकतंय! अर्धा दिवस मोजणी चालली आणि त्या अर्ध्या दिवसात एक वॉल उघडला न्हाय.

मग नावांचा घोळ. भावजींनी हौसेनं वाफ्यावर मराठीत नावं घातली. पण त्या पडद्यात प्रत्येक अक्षराला एकसारखा चौकोन, आणि आपली अक्षरं शेजाऱ्याच्या चौकोनात पाय पसरणारी. इंग्रजी बाणाची सोय हाय, आपल्या रफाराची न्हाय! सर्जेरावांचा रफार सुटला आणि आबांच्या बाजूला जाऊन बसला. आबा म्हणाले, "बघा लेको, ह्याचं अक्षरबी बांध कोरतंय." तात्या चार दिवस हापिसाला आले न्हाईत. शेवटी नावं काढून चित्रं घातली. आबांना ट्रॅक्टर, तात्यांना बैल. तात्यांना आधी वाटलं चेष्टा हाय, पण बैलाला शिंगं भारी हुती म्हणून गप बसले.

एवढ्यानं भागलं असतं तर आबा कसले? त्यांचा वाढदिवस आला. चौकात फ्लेक्स लागला, दूध डेरीवर लागला. मग एकानं सुचवलं की गोकुळचा पडदा पारदर्शक हाय, तर मागं आबासाहेबांचा फोटो का नको? भावजींना न्हाय म्हणता येतंय थोडंच! लावला. लालभडक फेटा घातलेले आबा, हात जोडून, आणि त्यांच्या तोंडावरनं पाण्याचे आकडे पळत्यात.

ह्या गर्दीत माझा वाफा कुठं? म्हणून मी बघायला गेले. पडद्यावर समदे हायत, मी न्हाय.

"वैनी, जागा पुरली न्हाय. तुमचा वॉल दुसऱ्या टॅबमधी हाय. मागल्या पानावर."

"मागल्या पानावर?"

"चालू हाय वैनी. उघडाच ठेवलाय कायम."

"का न ठेवशीला? येतंय काय त्यातनं?" मी म्हणलं आणि पदर खोचून तरातरा निघून आले. घरच्या माणसानं घरच्या बाईला मागल्या पानावर टाकावं! वेलींना तवा फुलं धरली हुती, पानं दुपारची माना टाकत हुती. रस्त्यानं मी भावजींना जे जे बोलले ते हितं सांगण्यासारखं न्हाय.

आता जे झालं ते नीट ऐका. त्या पडद्यात आणखी एक सोय हाय. एक कळ दाबली की एका वाफ्यात लिहिलेला हुकूम समोरच्या समद्या वाफ्यांत एकदम उमटतो. भावजी त्याला सामाईक म्हणायचे, सामाईक विहिरीगत. सामाईक चालू असलं की पडद्याच्या कडंला लाल रेघ येती, सावध राहा म्हणून. त्या सोमवारी सकाळी भावजींनी सगळ्या वॉलांची घड्याळं एकदम लावायला सामाईक चालू केलं. मग तात्यांचा फोन आला, "माझा पाइप फुटलाय, वॉल बंद कर." भावजींनी बैलाच्या वाफ्यात हुकूम लिहिला, बंद. लाल रेघ हुती, पण मागं आबांचा लाल फेटा पडदाभर पसरलेला. रेघ फेट्यात गेली. वरचे समदे वॉल एका फटक्यात बंद! उघडा राहिला एकच, मागल्या पानावरचा.

मी वेल बांधत हुते. नळाचं तोंड आधी खोकलं. मग दोन बेडूक आले. मग गढूळ पाणी, आणि मग असा लोंढा आला की मी हातातली सुतळी टाकून पळतच सुटले. सरीमागं सरी भरत चालली हुती. लग्न हून आले तवापासनं माझ्या रानात एवढं जोराचं पाणी मी बघितलं न्हवतं. मी चपला काढून सरीत उभी राहिले आणि रडले. कुणी बघत न्हवतं, मग काय लपवायचं?

वरच्या अंगाला कळायला दुपार झाली. मग समदे हापिसात, आणि हापिसात नुसता गोंधळ. मीबी गेले, चिखलाच्या पायानं. भावजी हात जोडून उभे, मागं पडद्यावर आबा हात जोडून उभे, आणि खरे आबा टेबलावर हात आपटतायत.

"चुकून झालं आबा."

"चुकून? टेलला पाणी चुकून जातंय व्हय?"

मला ऱ्हावलं न्हाय. म्हणलं, "चुकूनच जातंय आबा. आजवर माझं पाणी जेवढ्या येळा तोडलं, तेवढ्या येळा ते मुद्दाम तोडलं. मिळालं एकदाच, आणि ते चुकून."

आबा राजकारणातलं माणूस, बाईमाणसाच्या तोंडी लागणारे न्हवंत. त्यांनी घसा खाकरला आणि न्याय केला. "अनिताबाईंवर अन्याव झालाय, मान्य. त्यांना मागल्या पानावर का टाकलं? आजपासनं त्यांचा वाफा पडद्यावर. सगळ्यांच्या बरोबरीनं. आणि वॉल उघडायचे तेबी सामाईक, समद्यांचे एकदम. ह्यात ल्हानमोठं कुणी न्हाय." टाळ्या. मला नारळ आणि ब्लाउजपीस. वाफ्यावर काकडीचं चित्र घातलं, आणि सुतळीनं मोजून दिला, आबांएवढाच.

बरोबरी झाली आणि पाणी बंद झालं. समद्यांचे वॉल एकदम उघडल्यावर पाणी वरच्या वरच जिरतंय, खाली येतंय काय? आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं? पडद्यावर माझ्या वाफ्यात हिरव्या अक्षरात लिहून यायचं, उघडा. खाली दाब, शून्य. चित्रातली काकडी मात्र टवटवीत!

पुढल्या पाळीनंतर मी पहिल्या तोडीची एक काकडी घेतली आणि भावजींच्या ताटात ठेवली. मीठ न्हाय, तिखट न्हाय. त्यांनी चावा घेतला. तोंड वाकडं झालं, पण थुंकले न्हाईत. अख्खी काकडी खाल्ली, देठासकट. मला वाईट वाटलं. पण मी म्हणलं, "गोड हाय का भावजी?"

ते पाणी प्याले. "वैनी, ही एकच तोड अशी जाऊ द्या. नियम टेलकडनं द्यायचा हाय, मला म्हाईत हाय. पण आबांच्या तोंडावर न्हाय म्हणायला माझी जीभ उचलत न्हाय. ल्हानपणापासनं न्हाय उचलत."

"मग?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "चुकता येतंय मला."

पुढल्या सोमवारपासनं दर पाळीला आमचे भावजी चुकायला लागले. पडद्यातला वाफा उचलून मागल्या पानावर ठेवायची सोय असती. ते माझा वाफा तेवढा, वॉल उघडा ठेवून, उचलायचे. मग सामाईक लावून उघडायच्या ऐवजी लिहायचे, बंद. माझ्या सऱ्या भरूस्तोवर लोक आरडत यायचे. भावजी कपाळाला हात लावायचे, "अरे देवा, पुन्हा चुकलं!" आणि माझा वाफा जागच्या जागी. आबा म्हणाले, वर सरकवून दाखव काय लिहिलंवतं. पण मागचं किती ठेवायचं हे त्या पडद्यात आपण ठरवायचं असतं. भावजींनी ठेवणंच कमी केलं हुतं. त्यांनी वर सरकवलं, तर आबांचा फेटा दिसला.

आणि सगळ्यात मोठ्यानं त्यांना बोलायचे ती मी. "शिकलेला माणूस, साधा वॉल उघडता येईना!" लोक म्हणायचे, बघा, सख्खी वैनी असून बोलती. घरी मी त्यांना साजूक तुपातली पोळी करून घालायचे आणि तिथं एक शबुद बोलायचे न्हाय.

शेवटी संस्थेची सभा लागली. आदल्या दिवशी संध्याकाळी भावजी चुलीपाशी येऊन बसले.

"वैनी, उद्या माझ्यावर ठराव हाय. तुमीबी हात वर करा."

"काय म्हणून? जीभ झडंल माझी!"

"जीभ न्हाय, हात. तुमचा एकटीचा खाली राहिला की समद्यांना कळंल."

"आणि कारखान्याची नोकरी?"

त्यांनी चुलीतलं लाकूड जरा आत सारलं. निकिता दारात उभी हुती. तिला समदं म्हाईत हुतं. ती म्हणली, "पेढे तर खाऊन झाले की जाऊबाई." आणि तोंड फिरवून आत गेली.

सभेत आबांनी ठराव वाचला. सदर इसम धांदरट असून सक्त ताकीद देणेत येते, कोणत्याही जबाबदारीच्या जागी त्याची शिफारस करणेत येऊ नये. कामावरनं मात्र काढलं न्हाय. आबांचा माणूस तात्यांना नको आणि तात्यांचा आबांना, म्हणून धांदरटच बरा. ज्या माणसानं त्या पडद्याचा एक बाण जुळवायला रात्रीचा दिवस केला, तो आपल्याच पडद्याखाली मान घालून उभा. भराभर हात वर झाले. माझा हात मांडीवरच हुता, शिशागत जड. भावजींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि भुवई उचलली. मी हात वर केला.

"एकमतानं मंजूर," आबा म्हणाले.

त्या रात्री मी जेवले न्हाय. सकाळी तोडा हुता. पहिली काकडी मोडून भावजींच्या हातात दिली. त्यांनी खाल्ली, डोळं मिटून, सावकाश. गोड हुती. ती पहिली तोड सोडली तर औंदाची समदी गोड निघाली. मंडईतल्या त्याच बाईनं दोन किलो नेली, आणि पुढल्या साली पुन्हा काकडीच लावायची, ऊस न्हाय, हे आमच्या ह्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं.

भावजींनी देठ टाकला, हात पुसले, लॅपटॉप काखेत मारला आणि दारातनं मागं वळून इचारलं, "वैनी, येत्या सोमवारी किती वाजता चुकू?"

मी म्हणलं, "सकाळीच चुका भावजी, ऊन चढायच्या आत."